चित्रपट, मालिका आणि रेड वाइनची आवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपटांमुळे किंवा मालिकांमुळे रेड वाइनची आवड बदलते, असे खरोखर म्हणता येईल का?

म्हणता येते, मात्र एका दुरुस्तीसह. पडद्यावर काही दिसले म्हणून माणसाची जीभ बदलत नाही. तुरट, आंबट आणि गोड यांपैकी कशाची किती सवय आहे, हे बहुधा वर्षानुवर्षांच्या खाण्यापिण्यातून ठरलेले असते. बदलते ते त्याच्या आधीचे पाऊल. दुकानातील फळीवर एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांची रांग असते किंवा हॉटेलात वेटर वही घेऊन समोर उभा असतो, तेव्हा कोणते नाव बिनदिक्कत घ्यावे आणि कोणते घेतले तर सोबतचे लोक आपल्याला अडाणी समजतील, हे माणूस बाहेरून शिकतो. रेड वाइनच्या बाबतीत हे बाहेरचे शिक्षण विशेष जोर धरते, कारण बाटली उघडेपर्यंत ग्राहकाच्या हाती लेबलाखेरीज काही नसते आणि लेबलावर द्राक्षाचे वाण, प्रदेश आणि वर्ष अशी अनोळखी माहिती दाटीवाटीने छापलेली असते. पुढील उत्तरांत २००४ च्या एका अमेरिकी उदाहरणावर अधिक भर दिला आहे. त्याच्याइतके आकड्यांनिशी तपासले गेलेले दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

‘साईडवेज’ या चित्रपटात मर्लो या द्राक्षाविषयी आणि त्याच्या रेड वाइनविषयी नेमके काय आहे?

अलेक्झांडर पेन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. तो रेक्स पिकेट यांच्या कादंबरीवर आधारलेला होता आणि त्याला सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथेचे ऑस्कर मिळाले. कथा साधी आहे. माइल्स हा घटस्फोटित, हताश शिक्षक असून त्याच्या कादंबरीला प्रकाशक मिळत नाही. त्याचा मित्र जॅक याचे लग्न आठवड्यावर आले आहे, म्हणून दोघे कॅलिफोर्नियातील सांता येनेझ खोऱ्यातील वाइनरींच्या सहलीला निघतात. एका जेवणाला जाण्यापूर्वी माइल्स रस्त्यावरच मित्राला बजावतो की कोणी मर्लो मागवली तर आपण उठून जाऊ. त्याने वापरलेला शब्द येथे देण्याजोगा नाही. संपूर्ण चित्रपटात मर्लोची नालस्ती म्हणावी ती एवढीच, काही क्षणांची आणि विनोदाच्या ओघात केलेली.

त्यापेक्षा महत्त्वाचा प्रसंग नंतर येतो. माया नावाची स्त्री माइल्सला विचारते की पिनो न्वारचे एवढे वेड का. तो सांगू लागतो की या द्राक्षाची साल पातळ असते, ते लहरी असते, लवकर पिकते, वाटेल तिथे तग धरत नाही आणि ज्याच्यापाशी अपार धीर आहे त्यालाच त्याचे खरे रूप दिसते. ऐकणाऱ्याच्या लक्षात येते की हा माणूस द्राक्षाच्या आडून स्वतःविषयी बोलतो आहे. एखाद्या वाणाला एवढे हळवे व्यक्तिमत्त्व लोकप्रिय चित्रपटात क्वचितच मिळाले असेल. माझ्या मते बाजारावर परिणाम झाला तो या प्रसंगाचा. रस्त्यावरील चिडचिडीला फुकटची प्रसिद्धी मिळाली.

चित्रपटाच्या अखेरीस आणखी एक खोच आहे, जी बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेतून निसटली. माइल्सने वर्षानुवर्षे जपून ठेवलेली बाटली १९६१ ची शॅतो शव्हाल ब्लाँ आहे. तो ती फास्ट फूडच्या दुकानात, बर्गरसोबत, थर्माकोलच्या पेल्यातून पितो. फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सेंत एमिलियों येथील ही वाइन मुख्यत्वे कॅबर्ने फ्रां आणि मर्लो या दोन द्राक्षांची असते, आणि माइल्सने चित्रपटात नाक मुरडले आहे ते याच दोन्ही द्राक्षांना.

त्या चित्रपटामुळे मर्लोची विक्री खरोखर कोसळली का?

कोसळली असे सर्रास सांगितले जाते, परंतु आकडे इतके नाट्यमय नाहीत. कॅलिफोर्नियातील सोनोमा स्टेट विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी किरकोळ विक्रीच्या नोंदी तपासून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मर्लोवरील विपरीत परिणाम आढळला खरा, पण तो लहान होता आणि मुख्यतः दहा डॉलरांखालच्या स्वस्त बाटल्यांपुरता मर्यादित होता. पिनो न्वारची वाढ मात्र ठळक होती आणि वीस ते चाळीस डॉलरांच्या, म्हणजे बऱ्यापैकी महाग गटात ती सर्वांत जास्त दिसली.

यातून दोन वेगळ्या गोष्टी उलगडतात. चाळीस डॉलरांची मर्लो घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक होते, त्यामुळे पडद्यावरील पात्राच्या शेऱ्याने तो विचलित झाला नाही. जो केवळ रूढ नाव म्हणून मर्लो मागवत होता, त्याला दुसरे नाव मिळताच तो निघून गेला. दुसरी बाब अशी की प्रशंसेचा परिणाम निंदेपेक्षा मोठा ठरला, तरीही लोकांच्या स्मरणात निंदाच राहिली. सांगायला तीच अधिक मजेदार आहे, हे त्याचे साधे कारण असावे.

शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर परिणाम सावकाश आणि दीर्घकाळ होत राहिला. द्राक्षाची नवी वेल लावल्यावर विक्रीयोग्य पीक यायला साधारण तीन वर्षे लागतात. जुन्या खोडावर दुसऱ्या वाणाचे कलम केले तर थोडा वेळ वाचतो, एवढेच. चित्रपटानंतरच्या पंधरा वर्षांत कॅलिफोर्नियातील पिनो न्वारखालचे क्षेत्र दीडपटीहून अधिक वाढले आणि मर्लोचे घटत गेले. यातील किती वाटा चित्रपटाचा आणि किती बाजाराच्या इतर कारणांचा, याचा हिशेब वेगळा काढणे अवघड आहे. ‘एका संवादाने एक उद्योग बुडवला’ हे विधान म्हणूनच सावधपणे घ्यावे.

मग मर्लो आधी इतकी लोकप्रिय झाली होती कशामुळे?

याचे उत्तर लोकप्रिय संस्कृतीतच आहे, आणि मला हा भाग चित्रपटापेक्षाही अधिक बोधक वाटतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत व्हाइट वाइनचा बोलबाला होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात मॉर्ली सेफर यांनी ‘फ्रेंच विरोधाभास’ मांडला: फ्रेंच लोक लोणी, चीज आणि मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण तुलनेने कमी कसे? फ्रेंच संशोधक सर्ज रनो यांच्या मुलाखतीच्या आधारे उत्तराचा रोख रेड वाइनच्या पेल्याकडे वळला. त्यानंतर अमेरिकेत रेड वाइनच्या मागणीने जी उसळी घेतली, ती वाइन व्यवसायात आजही उदाहरण म्हणून सांगितली जाते.

आता रेड वाइनची सवय नसलेल्या या नव्या ग्राहकांना प्यायला काय द्यायचे, हा प्रश्न होता. कॅबर्ने सॉव्हिन्यों या द्राक्षाची वाइन तरुण असताना तोंड आवळून टाकते. मर्लोमध्ये तुरटपणा मऊ असतो, चवीत आलुबुखाऱ्याची आठवण येते, आणि तिचे नावही जिभेवर सहज बसते, जे कॅबर्नेच्या जोडनावाबाबत म्हणता येत नाही. परिणामी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेमतेम काही हजार एकरांवर असलेले हे वाण नव्या शतकाच्या आरंभी पन्नास हजार एकरांच्या घरात पोहोचले. घाईने लावलेल्या त्या बागांपैकी कित्येक अति उष्ण किंवा अति सुपीक जमिनीत होत्या आणि तिथून निघणारी वाइन पातळ, गोडसर आणि निर्गुण होती. माइल्सचा राग या मालावर होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. दूरचित्रवाणीने जी लाट उभी केली, तिचा फेस चित्रपटाने उडवला.

पिनो न्वारकडे वळलेल्या लोकांना त्या द्राक्षाची चव खरोखर आवडली का?

या प्रश्नावर या पृष्ठातील सर्वांत जास्त जागा खर्च करणे योग्य ठरेल, कारण ‘आवड’ या गोष्टीचे स्वरूप येथे उघडे पडते.

पिनो न्वारचे मूळ घर फ्रान्समधील बर्गंडी. तिथली वाइन रंगाने फिकट, तुरटपणाने सौम्य, आंबटपणाने ताजी आणि गंधाने नाजूक असते. दाट, काळसर रेड वाइनची अपेक्षा धरून येणाऱ्याची तिने निराशाच होते. शिवाय हे द्राक्ष थंड हवामान मागते आणि एकरी उत्पन्न मर्यादित ठेवल्याशिवाय चांगली वाइन देत नाही, म्हणून ती स्वस्तही असू शकत नाही. चित्रपटानंतर मागणी मात्र मोठ्या प्रमाणावर आणि परवडणाऱ्या किमतीतल्या पिनो न्वारची आली. त्यातून जे घडायचे ते घडले. उष्ण भागांतही हे वाण लावले गेले. अमेरिकी नियमांनुसार लेबलावर एका वाणाचे नाव छापण्यासाठी त्या वाणाची द्राक्षे किमान ७५ टक्के असली की पुरते, त्यामुळे उरलेल्या चतुर्थांशात सिरासारखे गडद द्राक्ष मिसळून रंग आणि भरीवपणा आणणे कायदेशीर होते. ‘मायोमी’ ही पिकलेल्या फळाच्या, गोडसर वळणाची कॅलिफोर्नियन पिनो न्वार इतकी खपली की २०१५ मध्ये तो ब्रँड ३१.५ कोटी डॉलरांना विकला गेला. बर्गंडीच्या रसिकाला ती पिनो न्वार म्हणून ओळखू येणार नाही. पण ग्राहकाला जे मऊ, फळांचे आणि जिभेला न बोचणारे हवे होते, तेच तिने दिले. मर्लोही तेच देत होती. नाव बदलले, अपेक्षा तीच राहिली.

याहून कडेलोटाचे प्रकरण दक्षिण फ्रान्समध्ये घडले. लाँगदोक भागातून ‘रेड बायसिकलेट’ या अमेरिकी ब्रँडसाठी पिनो न्वार म्हणून जी वाइन पुरवली गेली, तिच्यातील फार मोठा भाग प्रत्यक्षात मर्लो आणि सिरा या स्वस्त द्राक्षांचा होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कार्कासोन येथील न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. सुमारे १.८ कोटी बाटल्यांइतका हा माल होता. देवगडच्या पेटीत कर्नाटकातला आंबा भरून हापूस म्हणून विकण्याचाच हा प्रकार, पण आपल्याकडे निदान घरातले कोणी तरी वास घेऊन शंका काढते. येथे ग्राहकांनी तक्रार केल्यामुळे बिंग फुटले नाही. त्या भागात जेवढी पिनो न्वार पिकते त्याहून कितीतरी जास्त विकली जात असल्याचे फ्रेंच तपासनीसांना कागदांवरून दिसले, तेव्हा ते फुटले. मर्लो नको म्हणणारा अमेरिकी ग्राहक पिनो न्वारच्या नावाने मर्लो पीत होता आणि त्याची कुरकुर नव्हती.

म्हणजे सामान्य माणसाला चव कळत नाही, असे म्हणायचे आहे का?

नाही, आणि तसा निष्कर्ष काढणे उद्धटपणाचे होईल. तज्ज्ञांचीही गत फारशी निराळी नाही. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंग घालून लाल केलेली व्हाइट वाइन देण्यात आली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून दिसते ते एवढेच की चव घेताना मेंदू जिभेवरील संवेदनेला नजरेची, नावाची आणि अपेक्षेची जोड देतो. चित्रपट या अपेक्षेच्या खात्यात भर टाकतो. ज्याने माइल्सचे ते हळवे भाषण ऐकले आहे, त्याला पेल्यातील पिनो न्वारमध्ये नाजूकपणा शोधावासा वाटतो, आणि जो शोधतो त्याला तो थोडाफार सापडतो. त्याचा हा अनुभव खोटा नसतो.

कियांती या इटालियन रेड वाइनचे नाव एका खुनी पात्राशी जोडले गेले, त्याचा काही परिणाम झाला का?

१९९१ च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ या चित्रपटात हॅनिबल लेक्टर हे पात्र आपल्या नरभक्षणाच्या आठवणीसोबत कियांतीचा उल्लेख करते. मूळ कादंबरीत तिथे अमारोने या दुसऱ्या इटालियन वाइनचे नाव आहे. अमारोने ही जड, दाट वाइन असल्याने जाणकारांना कादंबरीतली निवड अधिक चपखल वाटते. परंतु सर्वसाधारण अमेरिकी प्रेक्षकाच्या ओळखीचे नाव कियांती होते. म्हणजे प्रभाव दोन्ही दिशांनी चालतो: पटकथा प्रेक्षकाच्या माहितीपुढे वाकते आणि मग त्याच माहितीला आणखी घट्ट करते. कियांतीचा खप यामुळे घसरला असे मात्र दिसत नाही.

माशासोबत रेड वाइन चालत नाही, हा समज चित्रपटांतून आला का?

समज जुना आहे. चित्रपटाने त्याला दरारा दिला. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ मध्ये शत्रूचा हस्तक माशासोबत रेड कियांती मागवतो, आणि पुढे बाँडला वाटते की त्याच वेळी आपल्याला संशय यायला हवा होता. तुरटपणा जास्त असलेली रेड वाइन तेलकट माशासोबत धातूसारखी लागते, हे खरे आहे. हलकी पिनो न्वार मात्र अनेक माशांसोबत चांगली जुळते.

आशियातील लोकांवर हॉलीवूडचाच प्रभाव पडला का?

तिथली सर्वांत ठळक कथा जपानची आहे. ‘साईडवेज’ ज्या वर्षी आला त्याच २००४ मध्ये ‘कामी नो शिझुकु’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका ‘वीकली मॉर्निंग’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. तादाशी आगी या टोपणनावाने एक बहीण-भाऊ ती लिहीत आणि शू ओकिमोतो चित्रे काढत. दिवंगत वाइनसमीक्षक वडिलांचा संग्रह मिळवण्यासाठी मुलाने विशिष्ट वाइन ओळखायच्या, असे तिचे कथानक आहे. यात चवीचे वर्णन तांत्रिक शब्दांत केलेले नसते; घोट घेताच पात्रापुढे एखादे दृश्य उभे राहते. २००१ ची शॅतो माँ-पेरा ही मध्यम किमतीची बोर्दो पिताना नायकाला क्वीन या रॉक बँडचे संगीत ऐकू येते, आणि तेवढ्यावर त्या वाइनला पूर्व आशियात अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. जपानइतकाच जोर दक्षिण कोरिया आणि तैवानमध्येही होता.

अमेरिकी उदाहरणापेक्षा याचा स्वभाव निराळा आहे. माइल्स काय पिऊ नये हे सांगतो, तर ही मालिका काय शोधावे हे सांगते आणि पुष्कळदा कमी प्रसिद्ध बाटलीपर्यंत नेऊन सोडते. वाचकाला आपण हसे करून घेऊ अशी धास्ती न घालता तिने कुतूहल दिले, म्हणून मला ती अधिक उदार वाटते. २०२३ मध्ये ॲपल टीव्ही प्लसने त्यावरून मालिका काढली.

रेड वाइन पिण्याने हृदय निरोगी राहते, हे अजूनही खरे मानावे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. रेड वाइनमधील रेस्व्हेराट्रॉल या घटकाचा खूप गवगवा झाला, पण पेल्यातील त्याचे प्रमाण अत्यल्प असते. १९९१ च्या कार्यक्रमाने दिलेली सबब मात्र आजही पार्ट्यांमध्ये ऐकू येते.

महाराष्ट्रात आणि भारतात असा प्रभाव दिसतो का?

दिसतो, पण त्याची वाट वेगळी आहे. हिंदी आणि मराठी चित्रपटांत मद्य म्हणजे बहुधा व्हिस्की किंवा देशी दारू. रेड वाइन आली तरी ती श्रीमंती दाखवणारी वस्तू म्हणून येते आणि द्राक्षाचे वाण कोणी उच्चारत नाही. दूरचित्रवाणीवर मद्याच्या थेट जाहिरातींना २००० पासून बंदी आहे. त्यामुळे येथे आवड घडवण्याचे काम पर्यटनाने केले. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये नाशिकजवळ सुला ही वाइनरी सुरू केली आणि २००८ पासून तिथे सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव भरू लागला. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच तरुणांची रेड वाइनशी पहिली ओळख द्राक्षबागेतील सहलीत, संगीताच्या गर्दीत आणि छायाचित्रे काढण्याच्या ओघात झाली. अकलूजची फ्रातेली आणि नाशिक परिसरातील इतर वाइनरी यांनीही मुक्काम, जेवण आणि द्राक्षे तुडवण्याचे कार्यक्रम यांचा आधार घेतला. गोव्यात त्याच्या कितीतरी आधीपासून गोड ‘पोर्ट वाइन’ घरोघरी परिचित होती, आणि पर्यटकांनी तिची चव महाराष्ट्रात आणली. पहिल्यांदा शिराझ (सिराचेच दुसरे नाव) पिणाऱ्याला ती कडू वाटते याचे एक कारण ही आधीची गोड ओळखही असू शकते.

मर्लो आणि पिनो न्वार यांचा झगडा मात्र येथे पोहोचला नाही. नाशिकची हवा पिनो न्वारला मानवत नाही, येथील रेड वाइनचा भार शिराझ आणि कॅबर्नेवर आहे, आणि ज्या काळात अमेरिकेत मर्लोची टिंगल चालली होती त्या काळात येथील बहुसंख्य ग्राहक वाइनकडे वळायचेच होते. कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबे पाहुण्यांना नापा किंवा सोनोमा दाखवायला नेतात, तेव्हा तिथल्या टेस्टिंग रूममध्ये हा विनोद त्यांच्या कानावर पडतो, एवढाच काय तो संबंध.

एक उसनी सवय मात्र येथे पक्की रुजली आहे. पाश्चात्त्य दृश्यांत रेड वाइन टेबलावरच ठेवलेली असते, म्हणून ती खोलीच्या तापमानाला प्यायची असे मानले जाते. ते तापमान युरोपातील थंड घरांचे आहे. एप्रिलमधल्या पुण्यात किंवा नागपुरात तीच बाटली गरम आणि नुसती मद्यार्काची लागते. पंधरा ते अठरा अंशांपर्यंत आणण्यासाठी ती अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवण्यात काहीही गावंढळ नाही.

पेल्याच्या आकारावरही मालिकांचा प्रभाव पडतो का?

पडतो. ‘स्कँडल’ या अमेरिकी मालिकेतील ऑलिव्हिया पोप रात्री घरी येऊन लांब देठाच्या मोठ्या पेल्यातून रेड वाइन पिते आणि सोबत पॉपकॉर्न खाते. त्या पेल्याला दुकानांत मोठी मागणी आली. वाइन कोणती होती, याची चौकशी तुलनेने कमी झाली.

मर्लोची बदनामी आता ओसरली आहे का?

बऱ्याच अंशी. सुमार जमिनीतील बागा उपटल्या गेल्या आणि उरलेल्या मर्लोचा सरासरी दर्जा सुधारला, हे उत्पादकच सांगतात. २०१३ पासून कॅलिफोर्नियातील उत्पादक ऑक्टोबर महिना मर्लोच्या प्रचारासाठी राखून ठेवतात. २०१७ मध्ये ‘वाइन स्पेक्टेटर’ या नियतकालिकाने वर्षातील सर्वोत्कृष्ट वाइन म्हणून नापा खोऱ्यातील डकहॉर्नची २०१४ ची थ्री पाम्स मर्लो निवडली. बोर्दोमध्ये तर तिचे आसन कधी हललेच नाही: तिथे सर्वाधिक लावले जाणारे द्राक्ष मर्लोच आहे, आणि पोमरोल येथील पेत्रूस ही जगातील अत्यंत महाग वाइन जवळजवळ पूर्णपणे मर्लोची असते. खरेदीदाराच्या दृष्टीने जुन्या बदनामीचा एक फायदा अजून शिल्लक आहे. वॉशिंग्टन राज्यातील चांगली मर्लो बहुधा त्याच दर्जाच्या नापा कॅबर्नेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते.